साखळी, ऊन आणि एव्हरेस्ट

खंडाळ्याला आलेल्या पाहुण्याला नागफणी दाखवायची, हा आमच्याकडचा शिरस्ता. मावळातल्या माणसांना त्या सुळक्यात उभारलेला फणा दिसला म्हणून ती नागफणी. साहेबाला मात्र त्यात आपल्या एका सेनापतीचे नाक दिसले आणि त्याने तिला ड्यूक्स नोज म्हटले. हा ड्यूक म्हणजे वेलिंग्टनचा ड्यूक, १८०३ साली दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या मसनदीवर परत आणून बसवणारा आर्थर वेलस्ली. नात नाताळच्या सुट्टीत लोणावळ्याला आली तेव्हा तिलाही मी हे सारे साग्रसंगीत ऐकवले. तिने ते कानाआड केले. तिचे लक्ष होते स्टेशनाच्या यार्डातल्या बाजूच्या रुळांकडे. दोन रूळ जिथे जोडले होते तिथे पेन्सिलीच्या जाडीएवढी फट होती, आणि एवढ्या मोठ्या गाड्या जातात तर ही फट कोणी बुजवत का नाही, असा तिचा प्रश्न होता.

मी तिला सांगितले की ही फट ऊन बुजवते. तेरा मीटरचा रूळ थंडीतल्या पहाटेपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत चाळीस अंशांनी तापला, तर सहा मिलिमीटरने लांब होतो. त्याला पसरायला जागा ठेवली नाही, तर तो वाकडा होऊन गाडी खाली उतरवील. मुख्य मार्गावर आता सलग जोडलेले लांबच लांब रूळ असतात. ते स्लीपरांना इतके घट्ट जखडलेले असतात की पसरण्याचा सारा जोर आतल्या आत दाबून धरला जातो. पण जुन्या पद्धतीच्या जोडांवर अजून फट ठेवावीच लागते. नातीचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही, कारण तिला हे समजावताना माझ्या लक्षात आले की त्या नाकाचे आणि या फटीचे नाते आहे. मधला दुवा असलेल्या माणसाचे नाव पृथ्वीवरच्या सर्वांत उंच शिखराला दिलेले आहे. शाळकरी पोरालाही ते नाव ठाऊक असते. हा माणूस कोण होता आणि त्याचे आयुष्य कशात गेले, हे मात्र मलाही पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हते. डोंगर चढण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. ज्या पट्टीने मोजायचे ती पट्टीच उन्हाने वाढत असेल तर मोजायचे कसे, या एका पेचाशी जॉर्ज एव्हरेस्ट अर्धे आयुष्य झुंजला.

वेलस्लीच्या तेहतिसाव्या पलटणीत विल्यम लॅम्बटन नावाचा एक अधिकारी होता. वयाने पोक्त, अबोल आणि गणितात बुडालेला. १७९९ साली टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत एका रात्री फौज कूच करत असताना याने आकाशातले तारे पाहून ओळखले, की आपण उत्तरेऐवजी दक्षिणेला, म्हणजे थेट शत्रूकडे चाललो आहोत. अशा माणसाने लढाई संपल्यावर सरकारकडे काय मागावे? त्याने सारा दक्षिण हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजण्याची परवानगी मागितली. वेलस्लीच्या शब्दाला वजन होते, परवानगी मिळाली.

त्रिकोणांनी देश मोजण्याची युक्ती समजायला सोपी आहे. सपाट जमिनीवर पाचसात मैलांची एक सरळ रेषा प्रत्यक्ष मोजायची. तिला पायारेषा म्हणू. तिच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीकडे दुर्बीण लावून कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू कागदावर काढता येतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते, आणि असे टेकडीवरून टेकडीवर उड्या मारत शेकडो मैल जाता येते. जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची ती फक्त पायारेषा. साहजिकच तिच्यात चूक राहिली की ती पुढे सगळीकडे जाते. मी आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले. सुरुवातीची शिल्लकच चुकीची लिहिली असेल तर पुढची सारी खतावणी कितीही सुंदर अक्षरात असली तरी काय कामाची?

लॅम्बटनची मोजायची साखळी शंभर फुटांची, पोलादाची, लंडनच्या रॅम्सडेनच्या कारखान्यात घडवलेली होती. तिची कथा मजेशीर आहे. चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून इंग्रजांच्या वकिलातीने ती नेली होती, बादशहाने ती घेतली नाही, आणि फिरत फिरत ती हिंदुस्थानात आली. १८०२ साली मद्रासजवळ लॅम्बटनने तिने साडेसात मैलांची पायारेषा मोजली. त्याला सत्तावन्न दिवस लागले. साखळी लाकडी पेट्यांमध्ये ठेवायची, वर सावली धरायची, शेजारी उष्णतामापक ठेवायचे, आणि प्रत्येक वेळी तापमान लिहून हिशेबात दुरुस्ती करायची. मेख इथेच होती. उष्णतामापक पेटीतल्या हवेचा पारा सांगतो, साखळीच्या पोटातला नाही. सकाळी हवा आधी तापते, पोलाद मागून; संध्याकाळी हवा निवते, पोलाद गरमच राहते. बारा किलोमीटरच्या रेषेत पोलादाचे तापमान फक्त एका अंशाने चुकीचे धरले, तर सुमारे चौदा सेंटिमीटरची चूक होते. देशभराच्या मोजणीचा पाया आणि त्यात वीतभर घोळ!

या लॅम्बटनच्या हाताखाली १८१८ च्या अखेरीस हैदराबादला एक अठ्ठावीस वर्षांचा तोफखान्याचा अधिकारी रुजू झाला. तोच जॉर्ज एव्हरेस्ट. त्याचा जन्म १७९० चा. सोळाव्या वर्षी तो कंपनीच्या बंगाल तोफखान्यात आला, नंतर जावा बेटाची पाहणी केली आणि कलकत्त्याहून चुनारपर्यंत संदेशाचे मनोरे उभारण्याचे काम पाहिले. हुशार, कामसू आणि तापट. लॅम्बटनने त्याला कृष्णा आणि गोदावरी यांच्या मधल्या येल्लापुरमच्या जंगलात धाडले, तेही पावसाळ्यात. पावसाने धुतलेल्या हवेत लांबचे स्वच्छ दिसते, म्हणून मोजणीदारांना पावसाळा हवा असे. डासांनाही तो हवा असतो, हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. एव्हरेस्टसह सारी तुकडी तापाने आडवी झाली. पंधराएक माणसे दगावली. उरलेल्यांना कसेबसे हैदराबादला आणले. त्या मेलेल्यांची, निशाणे धरणाऱ्या आणि झाडे तोडणाऱ्या माणसांची नावे कुठल्या शिखराला दिली गेली नाहीत, हे इथेच नमूद करून ठेवतो. एव्हरेस्ट हवापालटासाठी दक्षिण आफ्रिकेच्या केपला गेला. तिथेही एका फ्रेंच ज्योतिषाने पूर्वी केलेल्या मोजणीतली चूक कुठे असावी, याचाच तो शोध घेत बसला.

परतल्यावर १८२२ साली त्याच्याकडे काम आले ते आपल्या मुलखाकडे येणारे. निजामाच्या राज्यातून पश्चिमेला मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची साखळी न्यायची. ते झाले असते तर एव्हरेस्ट आमच्या सह्याद्रीच्या धारेवर दुर्बीण लावून उभा राहिला असता. पण २० जानेवारी १८२३ रोजी, सत्तरीच्या घरातला लॅम्बटन नागपूरकडे जाताना वाटेत हिंगणघाटला वारला. खोकल्याने झिजलेला तो म्हातारा शेवटपर्यंत आपल्या दुर्बिणीबरोबरच हिंडत होता. त्याला तिथेच पुरले. वर्धा जिल्ह्यातल्या किती लोकांना आपल्या गावच्या या थडग्याचे महत्त्व माहीत असेल, शंकाच आहे. एव्हरेस्ट मुंबईची वाट सोडून मुख्य कामाकडे वळला, आणि लॅम्बटनने कन्याकुमारीपासून वऱ्हाडापर्यंत आणलेली रेषा हिमालयापर्यंत नेण्याचा भार त्याच्या अंगावर आला.

अंग कुठे धड होते म्हणा! जुना ताप पुन्हा उलटला, हातपाय लुळे पडले. वऱ्हाडातून सातपुडा ओलांडून माळव्याकडे जाताना त्याला डोलीत घालून न्यावे लागे आणि दुर्बिणीपाशी दोन माणसांनी उचलून बसवावे लागे. तशा अवस्थेत १८२४ च्या अखेरीस आजच्या मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळ त्याने पायारेषा मोजली. साखळी लॅम्बटनचीच, पण आता वीस वर्षांच्या वापराने झिजलेली. रेषा मोजून झाली, पण त्याचा तिच्यावर विश्वास बसला नाही. पुढच्या वर्षी तो इलाजासाठी इंग्लंडला गेला आणि पाच वर्षे तिकडेच राहिला.

माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची सहल त्याने या मुक्कामात केली. १८२९ साली तो आयर्लंडला गेला. तिथे टॉमस कोल्बी या लष्करी इंजिनियराने नवीच मोजपट्टी तयार केली होती. तिची कल्पना इतकी देखणी आहे की जरा थांबून सांगतो.

सगळे धातू तापले की वाढतात, पण सारखे वाढत नाहीत. लोखंड तीन वाढले तर पितळ पाच वाढते. कोल्बीने दहा फुटांहून जरा लांब अशी एक लोखंडी आणि एक पितळी पट्टी शेजारीशेजारी ठेवली आणि दोन्ही फक्त मध्यावर एकमेकींना जखडल्या. दोन्ही टोकांना एकेक आडवी पोलादी जीभ बसवली, दोन्ही पट्ट्यांवर खिळीने फिरू शकेल अशी. ही जीभ लोखंडी पट्टीच्या पलीकडे थोडी बाहेर काढलेली होती. ज्यांनी जुन्या खळ्यावरची मळणी पाहिली आहे त्यांना पुढचे चटकन कळेल. पात फिरते तेव्हा तिवड्याजवळचा बैल थोडे चालतो, कडेचा बैल जास्त चालतो, आणि मधला तिवडा जागचा हलत नाही. इथे लोखंड हा आतला बैल, पितळ हा कडेचा. दोघेही तापून बाहेर सरकतात, एक तीन, दुसरा पाच. जीभ तिरपी होते, आणि तिच्या बाहेर काढलेल्या भागावर एक बिंदू असा सापडतो की जो मुळीच हलत नाही. त्या बिंदूवर कोल्बीने प्लॅटिनमचा बारीक ठिपका बसवला. दोन टोकांच्या दोन ठिपक्यांमधले अंतर दहा फूट, थंडीतही तेवढेच आणि उन्हातही तेवढेच. वाढणे कोणाला थांबवता येत नव्हते, तेव्हा एका वाढीने दुसरी खोडून काढली.

एव्हरेस्टने असल्या सहा पट्ट्या लंडनच्या ट्रॉटन आणि सिम्स या कारागिरांकडून करवून घेतल्या आणि १८३० साली हिंदुस्थानात आणल्या. आता तो सर्व्हेयर जनरलही झाला होता. दोन पट्ट्या एकमेकींना टेकवायच्या नाहीत, म्हणजे धक्का लागून सरकायला नकोत. मध्ये सहा इंचांची मोकळी जागा ठेवून ती सूक्ष्मदर्शकांच्या जोडीने मोजायची. सहा पट्ट्यांचा डाव मांडला की एका वेळी त्रेसष्ट फूट होत. मग मागचा डाव उचलून पुढे. १८३१-३२ च्या हिवाळ्यात कलकत्त्याच्या बराकपूर रस्त्यावर हा खेळ प्रथम मांडला गेला. सारे शहर बघायला लोटले. जेम्स प्रिन्सेपने त्या प्रसंगाचे चित्र काढून ठेवले आहे. हा तोच प्रिन्सेप, ज्याने पुढे ब्राह्मी लिपी उलगडली. आमच्या कार्ल्याच्या लेण्यातल्या दात्यांची नावे आज वाचता येतात ती त्याच्या कृपेने. त्या पायारेषेच्या टोकांचे उंच मनोरे कलकत्त्याच्या त्या रस्त्यावर आजही उभे आहेत.

देखण्या कल्पनेलाही ऊन सोडत नाही, हे एव्हरेस्टला लवकरच कळले. पितळ आणि लोखंड सारख्या वेगाने तापत नाहीत. एक आधी गरम झाले, दुसरे मागे राहिले, तर तेवढा वेळ ठिपका ढळतो. कोल्बीने पट्ट्यांवर वेगवेगळे लेप देऊन दोघांचा वेग जुळवायचा प्रयत्न केला होता. आयर्लंडच्या ढगाळ हवेत तो पुरेसा होता. आपल्याकडच्या तापत्या सकाळी त्याने भागेना. मग तंबू, सावल्या आणि प्रमाण-पट्टीशी पुन्हा पुन्हा ताडून पाहणे आले. दुसरा कोणी असता तर आता पुरे म्हणाला असता. याने प्रत्येक ताडणीचा आकडा नोंदवला आणि हिशेबात धरला.

१८३४-३५ मध्ये डेहराडूनच्या खोऱ्यात सात मैल आणि वर काही फर्लांगांची पायारेषा नव्या पट्ट्यांनी मोजून झाली. १८३७-३८ मध्ये तो सिरोंजला परत गेला आणि स्वतःच तेरा वर्षांपूर्वी साखळीने मोजलेली रेषा पट्ट्यांनी पुन्हा मोजली. मग निकालाचा दिवस आला. सिरोंजच्या रेषेवरून निघून, चारशे मैलांतले सगळे त्रिकोण कागदावर सोडवत डेहराडूनला पोचायचे, आणि तिथल्या पायारेषेची लांबी गणिताने काढायची. ती तिथे प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीशी जुळते का? फरक निघाला ७.२ इंच, म्हणजे साधारण अठरा सेंटिमीटर. मघाचा हिशेब आठवा. तापमानात एका अंशाची चूक झाली तर नुसत्या साखळीने एका पायारेषेतच चौदा सेंटिमीटरचा घोळ होतो. इथे मधले चारशे मैल, डोंगर, धुके, शेकडो कोन आणि दोन पायारेषा, सगळ्यांची मिळून चूक अठरा. पुढे १८४१ साली त्याचा सहकारी अँड्र्यू वॉ याने बीदरची जुनी रेषा याच पट्ट्यांनी मोजली. सिरोंजवरून काढलेल्या लांबीशी तिचा फरक सव्वाचार इंचांच्या आसपास आला. सहामाहीच्या रात्री चार आण्यांचा फरक शोधत ज्यांनी पहाट केली आहे, त्यांना या आकड्यांची किंमत सांगायला नको.

हे सारे त्याने एकट्याने केले असे समजायचे कारण नाही. अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन हा त्याचा यंत्रकारागीर. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, पण युरोपातून आलेले कोणतेही यंत्र तो उघडून दुरुस्त करी. विलायती कारागीर एव्हरेस्टशी भांडून गेल्यावर सारी भिस्त मोहसीनवरच होती आणि पुढे ती जागा त्याला रीतसर मिळाली. दुसरा राधानाथ सिकदर, कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातला, विशीही न ओलांडलेला गणिती. एव्हरेस्टने त्याला १८३१ मध्ये घेतले आणि नंतर कितीही मागण्या आल्या तरी दुसऱ्या खात्याला दिले नाही. हा राधानाथ नुसता आकडेमोड्या नव्हता. १८४३ साली डेहराडूनच्या मॅजिस्ट्रेटने खात्याच्या मजुरांना फुकट वेठीला धरले, तेव्हा तो त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि त्यापायी त्याला दोनशे रुपये दंड झाला.

स्वतः एव्हरेस्ट मात्र माणूस म्हणून सोपा नव्हता. हाताखालच्यांना तो फाडून खाई. दोन मनोऱ्यांमधली नजर मोकळी करण्यासाठी गंगा-यमुनेच्या दुआबात त्याने झाडे तोडवली, घरे पाडवली. भरपाई दिली, पण पाडायचे ते पाडलेच. आजारपण तर संपतच नव्हते. शेकडो जळवा लावून, रक्त काढून त्या काळच्या वैद्यांनी त्याचा उरलासुरला जीवही अर्धा केला. तो आता टिकत नाही असे समजून कंपनीने त्याच्या जागी टॉमस जर्व्हिस या मुंबई फौजेतल्या इंजिनियराची निवड करून टाकली. कोकणची पाहणी करणारा तो हाच जर्व्हिस. मसुरीजवळच्या हाथीपाव येथील आपल्या बंगल्यात पडल्या पडल्या एव्हरेस्टला हे कळले. जर्व्हिसने लंडनच्या विद्वानांकडून आपल्यासाठी शिफारस आणल्याचेही कळले. मग या मरणोन्मुख माणसाने त्या विद्वत्सभेच्या अध्यक्षांना एकामागून एक अशी जहरी पत्रे लिहिली, की ती १८३९ साली चक्क छापून निघाली. जर्व्हिसला ती जागा कधीच मिळाली नाही. कोकणात राबलेल्या त्या माणसाबद्दल मला थोडे वाईट वाटते. पण रागाने का होईना, एव्हरेस्ट आणखी काही वर्षे जगला आणि १८४१ मध्ये कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची सुमारे चोवीसशे किलोमीटरची रेषा पुरी झाली. १८४३ च्या अखेरीस तो निवृत्त झाला. विलायतेला जाऊन छप्पन्नाव्या वर्षी त्याने तेवीस वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्यांना सहा मुले झाली. वैद्यांचे अंदाज किती ग्राह्य धरावेत, याचा हा चांगला दाखला आहे.

त्याचा पेच मात्र त्याच्या हयातीत पुरता सुटला नाही. दोन धातू एकमेकांविरुद्ध उभे करण्याऐवजी न वाढणारा एकच धातू सापडला तर? त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १८९६ मध्ये, पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयात शार्ल गियोम या स्विस शास्त्रज्ञाला निकेल मिसळलेल्या पोलादाची एक कांब विलक्षण कमी वाढताना दिसली. तो घड्याळजीचा मुलगा. मिश्रणे बदलत बदलत तो शंभरात छत्तीस भाग निकेल या प्रमाणाला आला, आणि साध्या पोलादाच्या जवळजवळ एकदशांशच वाढणारी धातू हाती लागली. तिचे नाव इन्व्हार. १९२० चे भौतिकीचे नोबेल गियोमला याच कामासाठी मिळाले. मोजणीदारांनी जड पट्ट्या ठेवून दिल्या आणि इन्व्हारच्या हलक्या तारा हाती घेतल्या. गंमत म्हणजे इन्व्हारमध्येही अखेर एक हालचाल दुसरीला खोडते, फक्त ती अणूंच्या पातळीवर. धातूतले अणू लेझीम खेळणाऱ्या पोरांसारखे रांगांत उभे असतात आणि सतत हलत असतात. शेजारी फार जवळ आला तर ते जोराने ढकलतात, लांब गेला तर तितकेसे ओढत नाहीत. म्हणून ताप वाढून हालचाल वाढली की एकूण रांगा पसरतात. इन्व्हारमध्ये त्याच वेळी चुंबकत्व मंदावते आणि त्यामुळे रांगा आखडू पाहतात. पसरणे आणि आखडणे यांची वजाबाकी जवळजवळ शून्य.

त्याच्याही पुढची गोष्ट १९९६ मधली. झिर्कोनियम टंग्स्टेट नावाचा स्फटिक जवळजवळ केवल शून्यापासून सातशेहून अधिक अंश सेल्सिअसपर्यंत तापवत नेला तर सतत आकसतच जातो, असे अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञगटाने दाखवले. दोन मुलींनी धरलेली दोरी जोराने फिरवली की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात ना, तसेच तिथे धातूंच्या अणूंमधला ऑक्सिजन आडवा झुलतो आणि दोन्ही बाजूंना जवळ ओढतो. वाढणाऱ्या पदार्थात असा आकसणारा योग्य प्रमाणात मिसळला की हवी तेवढी वाढ ठरवता येते. फार लांब जायला नको. काचेच्या सपाट पृष्ठाची चांगली शेगडी मध्ये तापून लाल झाली आणि कडेला थंड असली तरी तडकत नाही, कारण त्या काचेत तापल्यावर आकसणारे बारीक स्फटिक मुद्दाम वाढवलेले असतात.

आता राहिले शिखर. निवृत्तीनंतर वॉच्या कारकीर्दीत हिमालयाची शिखरे मोजली गेली. गणन खात्याचा प्रमुख तेव्हा राधानाथ सिकदर होता. पंधरा क्रमांकाचे शिखर सर्वांत उंच ठरले, २९,००२ फूट, आणि १८५६ मध्ये वॉने त्याला आपल्या जुन्या साहेबाचे नाव सुचवले. मोजलेल्या ठिकाणांना तिथली मूळ नावेच ठेवावीत, हा त्या साहेबाचा स्वतःचा दंडक होता. एव्हरेस्टने लंडनच्या सभेत सांगितले की आपले नाव इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, त्यांच्या लिप्यांत नीट लिहिताही येणार नाही. सभेने त्याचे ऐकले नाही. १८६५ मध्ये नाव कायम झाले. त्याने ते शिखर कधी पाहिले असेल असे वाटत नाही. पुढच्याच वर्षी, १ डिसेंबर १८६६ रोजी, तो लंडनमध्ये वारला आणि ब्रायटनजवळच्या होव्ह गावी चर्चच्या आवारात त्याला पुरले.

उच्चाराबद्दल त्याचे म्हणणे खरे निघाले. तो स्वतःला ईव्ह-रेस्ट म्हणवून घेई. आपण आणि बाकीचे सारे जग एव्हरेस्ट म्हणतो. नातीला मी तिला ठाऊक असलेलेच नाव सांगितले. मे महिन्यात ती पुन्हा येणार आहे, तेव्हा भर दुपारी यार्डातली ती फट किती उरते हे बघायला तिने शाळेतली मोजपट्टी आणायची ठरवली आहे. पट्टी प्लॅस्टिकची आहे आणि प्लॅस्टिक पोलादापेक्षा कितीतरी जास्त वाढते, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.